डावं-उजवं

मोताळा,
९ जानेवारी २०२५

श्रीयुत एम. हिवाळे,
'जीपकट्टा'चे व्यवस्थापक यांस,

नमस्कार. मी भगवानराव नारखेडे, बुलडाणा जिल्हा जुनी जीप मालक मंडळाचा सचिव. मंडळाला बावीस वर्षं झाली. आमचं 'चाकोरी' नावाचं त्रैमासिक निघतं आणि ते फक्त सभासदांच्या हातात जातं.

परवा पुतण्या गणेशनं मोबाईलवर तुमचा कट्टा दाखवला. बघतो तर 'चाकोरी'ची पानं तिथं फोटो काढून टाकलेली. कै. शंकरराव मिस्तरींनी गिअरबॉक्सवर लिहिलेलं पान, तेही अर्धं अंधारात, आणि खाली नाव कुणाचं, तर 'जीपवेडा ७७'. अहो, शंकररावांनी चाळीस वर्षं जीपखाली पाठ टेकवली. हाताचं ग्रीस पुसायच्या आधी ते वहीत लिहून ठेवायचे, त्या वहीच्या पानापानावर त्यांचे अंगठे उमटलेत. हा सत्याहत्तर नंबरचा वेडा तेव्हा कुठं होता? याला आमच्याकडे आयत्या बिळावर नागोबा म्हणतात.

आमच्या मंडळात डावं-उजवं नाही. डॉक्टर असो की कास्तकार, वर्गणी भरली की एका पंगतीला. पण वर्गणी न भरता कुणी येऊन ताट ओढून नेलं, तर ते चालायचं नाही. ती पानं पंधरा दिवसांत काढा, नाहीतर मंडळाला पुढचा विचार करावा लागेल.

आपला,
भगवानराव नारखेडे

•

चिखली,
१७ जानेवारी २०२५

आदरणीय भगवानराव काका,

सप्रेम जयभीम.

पहिली गोष्ट, मी श्रीयुत नाही. एम म्हणजे मंजुश्री. चिखलीच्या एका कॉलेजात ग्रंथालय सांभाळते आणि उरलेल्या वेळात कट्टा. कट्टा फुकट आहे म्हणजे आम्ही फुकटे आहोत असं तुम्हाला वाटलेलं दिसतं.

ती पानं एका सभासदानं टाकली होती, मला ठाऊक नव्हतं. काल काढली. शंकररावांचं नाव नसणं ही चूकच, त्याबद्दल माफी मागते. पण काका, कुसळ-मुसळाची म्हण तुम्हालाही येत असेल. तुमच्या दिवाळी अंकात बाराव्या पानावर एक युक्ती आहे: मागच्या स्प्रिंगचे पाटे करकरत असतील तर त्यांच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घाला. खाली लिहिलंय, 'एका अनुभवी सभासदाकडून'. ती युक्ती देऊळगाव राजाच्या शिवमनं आमच्या कट्ट्यावर ऑगस्टमध्ये लिहिली होती. त्याची शुद्धलेखनाची चूकसुद्धा तुम्ही जशीच्या तशी छापलीत. तो काही तुमचा सभासद नाही.

कट्टा फुकट का, तेही सांगते. माझे वडील धम्मरत्न हिवाळे साखरखेर्डा ते मेहकर जुन्या जीपमधून प्रवासी न्यायचे. गाडी अडली की सांगणारं कुणी नव्हतं. शेवटी २००५ साली विकली. त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढं मला आठवतं. मी बारा वर्षांची होते. कुणाला काही विचारायचं असेल तर आधी 'तू कोण' असं विचारलं जाऊ नये, एवढ्यासाठी हा कट्टा आहे.

आपली,
मंजुश्री हिवाळे

•

मोताळा,
३ फेब्रुवारी २०२५

मंजुश्रीताई यांस,

माझाही जयभीम घ्यावा.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस नुसता धुसफुसत होतो. तिसऱ्या दिवशी दिवाळी अंक काढला. पाट्यांची युक्ती तुमच्याकडचीच. गणेशनं आणून दिली आणि कुठून आणली ते मी विचारलं नाही. पुढच्या अंकात शिवमच्या नावानिशी दिलगिरी छापतो आहे. म्हातारपणी कान धरायला लावलेत, पण बरोबर धरायला लावलेत.

आता माझ्याकडून एक. २००३ सालचा 'चाकोरी'चा शंकरराव विशेषांक म्हणजे आमची पोथी. ब्रेक, चाकं, स्टिअरिंग, सगळं त्यात आहे. तो आजवर मंडळाबाहेर गेलेला नाही. त्याची स्वच्छ झेरॉक्स सोबत पाठवतो. कट्ट्यावर टाका, पण प्रत्येक पानाखाली शंकररावांचं नाव पाहिजे. पान दोन ते नऊ आहेत. पहिल्या पानावर मंडळाचं कामकाज आहे, ते तुमच्या उपयोगाचं नाही, म्हणून ठेवून घेतलं.

वडिलांची तब्येत कशी असते? त्यांना माझा नमस्कार सांगा. किंवा राहू द्या, ते मला ओळखत नसतील.

आपला,
भगवानराव नारखेडे

•

चिखली,
१५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय काका,

सप्रेम जयभीम.

आठ पानं तीन रात्री बसून टाईप केली. आम्हा ग्रंथालयवाल्यांना खोड असते, पुस्तक आलं की आधी पानं मोजायची. पहिलं पान नाही म्हणून जरा हात अडखळला होता, पण तुम्ही म्हणता म्हणजे कामकाजच असणार.

एक गंमत सांगते. एरवी कट्ट्यावर कुणी चार ओळी लिहिल्या की दहा जण वाद घालायला हजर. 'कशावरून?', 'तू स्वतः करून पाह्यलं का बे?' शंकररावांच्या पानांखाली मात्र फक्त जोडलेले हात. एकानंही प्रश्न विचारला नाही. मान असावा तर असा.

तुम्ही मंडळाचा आणि कट्ट्याचा एकत्र मेळावा सुचवलात, हे गणेशनं फोनवर सांगितलं. रविवार २० एप्रिल, मोताळा, पक्कं. आमच्याकडून चौदा गाड्या येतील. हिवरा आश्रमचा जीवन नावाचा मुलगा आहे, त्यानं नुकतीच जुनी जीप घेतली आहे. तो बायकोला, प्रतीक्षाला, घेऊन येणार आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. जीवननं तुमची चाकांची पानं छापून गाडीच्या कप्प्यात ठेवलीत, देवाच्या फोटोशेजारी.

आपली,
मंजुश्री

•

चिखली,
२ मे २०२५

आदरणीय काका,

जयभीम.

गणेशकडून तुम्हाला कळलंच असेल. मेळाव्याहून परतताना राजूर घाट चढत असताना जीवनच्या जीपचं ड्रायव्हरकडचं पुढचं चाक निघालं. जीप कठड्यावर गेली. जीवनला खरचटलं. प्रतीक्षा बाहेर फेकली गेली आणि तिचा उजवा हात गाडीखाली आला. दोन ऑपरेशनं झाली. बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात, खडू धरणं अवघड.

त्याच दुपारी तुम्ही स्वतः तिला जिलेबी वाढली होती, आठवतं? 'मास्तरीणबाई, आमच्या गणेशच्या पोराले जरा पाढे शिकवा' म्हणून हसला होतात.

गॅरेजच्या मिस्तरीनं पाहिलं तेव्हा चाकाचे बोल्ट ताणून तुटलेले होते. मग जीवननं सांगितलं. मेळाव्याच्या आठ दिवस आधी ते चाक पंक्चर झालं होतं. जुन्या जीपला एका बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, म्हणजे नट नेहमीच्या उलट दिशेनं फिरवला की सुटतो. शंकररावांच्या पानावर लिहिलंय, 'उजव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे.' चाक उजव्या बाजूचं, म्हणून तो पान्याला पाईप लावून उलट दिशेनं सगळी ताकद लावत राहिला. सोडतोय असं त्याला वाटत होतं, आणि तो आवळत होता. बऱ्याच वेळानं सरळ फिरवलं तर नट सुटले. तेव्हाच बोल्ट ताणले गेले असणार.

मी विचारलं, अरे, मेळाव्यात बोलला का नाहीस? तर म्हणाला, "ताई, एवढ्या मोठ्या मिस्तरीचं नाव खाली लिवेल हाये. मी कोण त्यातली चूक काढणारा? माह्यंच वाचण्यात चुकलं असन." दवाखान्यात सासऱ्यासमोरही तो हेच सांगतो आहे. चूक माझी, चूक माझी.

काका, मी पन्नासदा ते पान वाचलं. तुमच्या मूळ अंकाशी एकदा ताडून पाहाल का? माझ्या टायपिंगमध्ये काही राहिलं का, की पानातच काही राहिलंय?

मंजुश्री

•

मोताळा,
१२ मे २०२५

मंजुश्रीताई,

बातमी ऐकल्यापासून घास गोड लागत नाही. मंडळातर्फे प्रतीक्षाताईंना भेटायला दोघे जण जाऊन आले.

तुम्ही विचारलंत म्हणून अंक काढून पाहिला. तुमचं टायपिंग अक्षरन्अक्षर बरोबर आहे. शंकररावांचं लिखाणही बरोबर आहे. बावीस वर्षांत आमच्या एकाही सभासदाची त्यावरून चूक झाली नाही. पोथी नुसती वाचून भागत नाही, सांगणारा लागतो. कट्ट्यावर कोणीही येतं आणि आपल्याआपण वाचतं, त्याचा हा दोष. नवशिक्या पोरानं एखाद्या जाणत्याला विचारायला हवं होतं.

हे मी तुम्हाला लावून बोलत नाही. वेळ वाईट होती, एवढंच.

भगवानराव

•

चिखली,
८ जून २०२५

भगवानराव काका,

तुमचं पत्र मिळालं. 'विचारायला हवं होतं' हे वाक्य चार-पाचदा वाचलं.

प्रतीक्षा दवाखान्यातून थेट माहेरी गेली, सुलतानपूरला. जीवन दोनदा गेला होता. पहिल्यांदा सासऱ्यानं ओट्यावरूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा ती स्वतः बाहेर आली आणि म्हणाली, "तुमाले एक पान नीट वाचता आलं नाही? मी पहिलीच्या लेकरायले वाचाले शिकवतो." एवढंच बोलून आत गेली. हे मला जीवननंच सांगितलं, कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं. तो आता कामावर जात नाही. त्याची आई सिंधूताई मला फोन करते आणि विचारते, ताई, तुमच्या त्या मोबाईलमध्ये काय होतं हो?

तिला काय सांगू? तुम्ही म्हणता पान बरोबर, टायपिंग बरोबर. मग उरतो एकटा जीवन. त्यानं चूक डोक्यावर घेतली आहे आणि ती खरी त्याची आहे की नाही, हे कुणालाच माहीत नाही. मला ते सहन होत नाही.

या महिनाअखेर कट्टा बंद करते आहे. तुमची पानं आधीच काढली. तुमच्याकडून आता मला काही नको.

मंजुश्री हिवाळे

•

मोताळा,
३० जून २०२५

मंजुश्रीताई,

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन फाडली.

सोबत २००३ च्या अंकाचं पहिलं पान आहे. झेरॉक्स नाही, मूळ पान. वरच्या चार ओळी वाचा: 'या अंकात डावी-उजवी बाजू म्हणजे गाडीसमोर, तिच्याकडे तोंड करून उभ्या माणसाची डावी-उजवी.' शंकरराव जन्मभर बॉनेट उघडून गाडीसमोर उभे राहिले. त्यांचं उजवं ते गाडीत बसणाऱ्याचं डावं. आपण कास्तकार माणसं बैलजोडी मागून हाकतो, आपलं डावं-उजवं मागून ठरतं. म्हणून त्यांनी ते पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं. मंडळात सगळ्यांना हे तोंडपाठ.

जीवननं बरोबर वाचलं. त्याच्या हातात जे होतं त्यातून दुसरा अर्थ निघतच नव्हता. मे महिन्यात तुम्ही विचारलंत, त्याच संध्याकाळी मला हे कळलं होतं. कळूनही मी तुम्हाला ते पत्र लिहिलं.

आता पान का ठेवून घेतलं, ते त्याच पानाच्या खालच्या भागात वाचा. ठराव क्रमांक चार. 'साखरखेर्डा येथील धम्मरत्न हिवाळे यांचा सभासदत्वाचा अर्ज, त्यांची गाडी धंद्याची असल्याने, नामंजूर.' सूचक भगवानराव नारखेडे. अक्षरही माझंच.

धंदा हे निमित्त होतं. तेव्हा आमच्या तीन सभासदांच्या जीपा जिनिंगचे मजूर भाड्यानं न्यायच्या, त्यांना कुणी काही म्हटलं नाही. खरं कारण त्या बैठकीत कुणी तोंडानं बोललं नाही. बोलायची गरजच पडली नाही, सगळ्यांनी हात वर केले. फक्त शंकररावांनी केला नाही. ते पाना पुसत बसले होते.

तुमच्या जानेवारीच्या पत्रात वडिलांचं नाव वाचलं आणि तो ठराव आठवला. तुम्ही मला काका म्हणत होतात. ते तुटू नये असं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणून पान काढून ठेवलं. माझं तोंड झाकायला त्या पोरीचा हात गेला.

हे पत्र आणि हे पान, दोन्ही कट्ट्यावर टाका. नुसता वरचा भाग नको, ठरावासकट. पुढच्या 'चाकोरी'तही मी ते छापतो आहे आणि सचिवपद सोडतो आहे. मंडळातले काही जण चिडलेत. हिंमतराव अध्यक्ष म्हणाले, "जुनी मढी काऊन उकरून राह्यला भगवानराव?" मी म्हटलं, मढं नाही, जितं आहे, सुलतानपूरला बसलं आहे.

जीवनकडे मी स्वतः जायला हवं. मंगळवारी निघालो होतो, बुलडाण्याच्या स्टँडवर मेहकरची एसटी लागली आणि मी न चढताच परत आलो. हे पान तुम्ही त्याला आधी दाखवा. मग मी येतो. त्यानं दारातून हाकललं तरी येतो.

भगवानराव

•

चिखली,
१३ जुलै २०२५

भगवानराव काका,

जयभीम.

पत्र आणि पान, दोन्ही कट्ट्यावर टाकलं. कट्टा बंद केला नाही. तिथं तुमच्याबद्दल बरंच वाईट लिहिलं गेलंय, मी काही पुसलं नाही. माझ्याबद्दलही लिहिलंय. पहिलं पान नसताना पोथी घेतलीच कशी, असं शिवमनं विचारलं. आता नियम केला आहे की डावी-उजवी लिहिताना बसून की समोर उभं राहून, हे सांगायचंच. मोठं नाव असलं तरी प्रश्न विचारायचाच.

गेल्या रविवारी हिवऱ्याला गेले. बाबांनाही सोबत नेलं, कारण पान आधी त्यांना दाखवायला हवं होतं आणि घरी दाखवायचा मला धीर झाला नाही. वाटेत एसटीत दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

जीवन अंगणातच बसला होता. पान हातात घेऊन त्यानं पहिल्या चार ओळी वाचल्या. मग मला विचारलं, "म्हंजे मी बरोबर वाचलं होतं?" मी हो म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. सिंधूताईनं त्याला जवळ घेतलं तेव्हा तो रडला. चांगला सव्वीस वर्षांचा माणूस, लहान लेकरासारखा. मी तिथूनच प्रतीक्षाला फोन लावला आणि चार ओळी वाचून दाखवल्या. तिनं त्या पुन्हा एकदा वाचायला सांगितल्या. मग म्हणाली, "त्यायले फोन द्या." त्यांचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. ती परत येईल की नाही ठाऊक नाही. हात तर येणार नाहीच.

तुम्ही यायला हरकत नाही. जीवन म्हणाला, येऊ द्या.

आता जे लिहिते ते कट्ट्यावर टाकलेलं नाही. बाबा अंगणात त्या मोडक्या जीपपाशी गेले, समोर उभे राहिले आणि सहज म्हणाले, "शंकरराव मिस्तरी असेच उभे राहत. म्हणत, 'धम्मरत्न, माह्यं उजवं थे तुयं डावं, ध्यानात ठेव.'"

मग त्यांनी सांगितलं, अर्ज नामंजूर झाल्यावर शंकरराव मंडळाला न सांगता दोनदा साखरखेर्ड्याला आले होते. दोन रविवार त्यांनी बाबांना गाडीची दुरुस्ती शिकवली, पुढे ते आजारी पडले. मी म्हटलं, बाबा, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? तीन महिने मी या एका पानापायी झोपले नाही, तुमच्याच घरात बसून हे टाईप केलं, आणि तुम्हाला ठाऊक होतं?

ते म्हणाले, "हाव. पण मले कोनं इचारलं? मंडळानं घेतलं नाही. अन् तुह्या कट्ट्यावर काय चालते, मले काय माईत? मले तं तूनंच बटनाचा फोन देला."

ते रागानं बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की हा कट्टा बाबांसाठी काढला. काका, तुम्ही त्यांचा अर्ज नाकारलात. त्यांना कधी काही विचारावंसंच मला वाटलं नाही.

मंजुश्री